आपली हौस, त्यांचा जीव

माझ्या दाराशी १९५७ सालची एक फियाट उभी आहे. तिच्या पुढच्या तोंडवळ्यावरून लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ हे नाव दिले, आणि ज्यांनी ते दिले त्यांनीच तिच्यावर जिवापाड प्रेम केले. ही गाडी माझ्या काकांची. ते दांडियाबाजारात दवाखाना चालवीत. त्यांच्या पश्चात ती कित्येक वर्षे ताडपत्रीखाली पडून होती. निवृत्तीनंतर मी ती घरी आणली, दोन वर्षे खपून चालती केली आणि रंगही पूर्वीचाच दिला. आज ती गल्लीतून निघाली की माणसे हातातले काम टाकून पाहतात. या वयात असे कौतुक वाट्याला यावे, याचे सुख मी नाकारीत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. ते पाहायला मी नातवाला घेऊन गेलो. तो तेव्हा चार वर्षांचा होता. संस्थानिकांच्या लांबलचक, झळझळीत गाड्या पाहून झाल्यावर त्याने विचारले, “आजोबा, आपल्या गाडीतून आपण कधी जायचं?” मी तत्काळ वचन देऊन टाकले की येत्या रविवारी गरुडेश्वरला जाऊ. संध्याकाळी सूनबाईंना ही योजना सांगितली. त्या शांतपणे म्हणाल्या, “बाबा, तुम्ही जरूर जा. त्याला मात्र त्या गाडीतून नेऊ नका. तिच्यात पट्टे नाहीत.”

मला राग आला, हे कबूल केले पाहिजे. पस्तीस वर्षे सरकारी नोकरीत कागदावर सह्या केलेल्या माणसाला आपल्या घरात आपला प्रस्ताव नामंजूर झालेला सहसा रुचत नाही. मी म्हणालो, “आम्ही सगळे याच गाडीतून लहानाचे मोठे झालो. आम्हांला काय झालं?”

हा प्रश्न आपल्या पिढीच्या तोंडी सदैव असतो, म्हणून आधी त्याचाच विचार करू. महसूल खात्यात असताना अपघातग्रस्तांच्या कुटुंबांना द्यावयाच्या मदतीचे प्रस्ताव माझ्या टेबलावरून जात. त्यांत ‘मयताचे वय’ असा एक रकाना असे. कधी त्यात चाळीस लिहिलेले असे, कधी चार. ज्यांच्या वयाचा आकडा त्या रकान्यात एकदा लिहिला गेला, ती मुले पुढे आजोबा झाली नाहीत आणि ‘आम्हांला काय झालं?’ असे विचारायला आली नाहीत. आपण हा प्रश्न विचारू शकतो, कारण आपण वाचलो. वाचलेल्यांची साक्ष खरी असली तरी अपुरी असते. एवढी साधी गोष्ट त्या संध्याकाळी माझ्या ध्यानात आली नाही.

दुसरा समज असा की जुन्या गाड्या जाड पत्र्याच्या व दणकट, आणि आजच्या गाड्या म्हणजे कागदी खोकी. यात एक तपशिलाची चूक आहे. टक्कर झाली की गाडीचा वेग कुठेतरी जिरावा लागतो. गाडीचा पुढचा भाग ठरवून चुरगळला आणि आतली बैठक शाबूत राहिली, तर तो बराचसा पत्र्यात जिरतो. तसे झाले नाही तर माणसाच्या शरीरात. बेला बॅरेनी या अभियंत्याने हा विचार मांडला आणि १९५९ पासून तो प्रत्यक्ष मोटारींत उतरू लागला. त्याच वर्षी व्होल्वो कंपनीतील निल्स बोलिन यांनी खांदा व कंबर दोन्ही धरून ठेवणारा पट्टा सिद्ध केला, आणि कंपनीने तो इतर उत्पादकांनाही वापरू दिला. माझी गाडी या दोन्ही गोष्टींच्या आधीची आहे. अमेरिकेत विमा कंपन्यांनी चालविलेल्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २००९ साली १९५९ची शेवरोले बेल एअर आणि २००९ची शेवरोले मॅलिबू यांची ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर टक्कर घडवून पाहिली. धिप्पाड बेल एअरची बैठक चेपली आणि तिच्यातला बाहुला ज्या अवस्थेत सापडला त्या अवस्थेत माणूस वाचला नसता. नव्या गाडीतल्या चालकाच्या पायाला किरकोळ इजा झाली असती, इतकेच.

माझी फियाट तर बेल एअरपुढे लहानशी. तिच्या चारही चाकांना ड्रमचे ब्रेक आहेत आणि त्यांचे तेल एकाच मार्गाने फिरते; कुठे गळती झाली तर चारही एकदम निकामी. सुकाणूचा दांडा चालकाच्या छातीवर रोखलेला. पुढचा फळा पत्र्याचा. पुढची दारे उलटी उघडणारी, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. चालत्या गाडीत खिटी निसटली तर वारा दार मिटत नाही, उघडतो. या साऱ्या गोष्टी मला ठाऊक होत्या. गाडी दुरुस्त करताना मी त्या हाताने चाचपल्या होत्या. पण ज्ञान असणे आणि त्याचा विचार करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘मांडीवर घट्ट धरून बसू’ हा आणखी एक उपाय घरोघरी सुचविला जातो. त्याचे गणित कोणालाही करता येईल. ताशी ५० किलोमीटर वेगाने आदळणे हे सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून, पडण्यासारखे आहे. गाडी अर्ध्यापाऊण मीटरच्या अंतरात थांबली, तर पंधरा किलोच्या मुलाला धरून ठेवायला दोनशे ते तीनशे किलो वजन पेलण्याइतके बळ लागेल. आईच्या मायेत ते असेलही. तिच्या मनगटात नसते. मागच्या बाकावर बसले की भय नाही, हाही भ्रमच. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री पालघर जिल्ह्यात अपघातात गेले. ते आधुनिक गाडीत मागच्या बाजूला बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. ज्या गाडीत पट्टाच नाही, तिच्याविषयी काय बोलावे?

मग जुन्या गाडीत पट्टे बसवून घ्यावेत, असे कोणी म्हणेल. तो विचार मी केला. पण पट्टा ज्या पत्र्याला आवळलेला असतो, त्या पत्र्याइतकाच तो भक्कम. सहा दशकांहून अधिक काळ पावसाळे पाहिलेल्या तळाच्या पत्र्यात नुसता बोल्ट पिळला, तर धक्क्यासरशी तो पत्र्यासकट उपटून येईल. जाणत्या कारागिराकडून खालून मजबुती करून, मुलाचे आसन नीट बसवून घेतले तर भय थोडे कमी होते. पण ब्रेक, दार, सुकाणू आणि न चुरगळणारे तोंड जिथल्या तिथेच राहते.

कायद्याकडेही पाहिले, ती माझी जुनी सवय आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९४-ब म्हणते की चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या खास आसनात सुरक्षित बांधलेले नसेल तर एक हजार रुपये दंड. मुलांसंबंधीच्या त्या शब्दांत गाडीच्या वयाचा उल्लेख नाही. २०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती यांसाठी त्या रस्त्यावर आणता येतात, नित्याच्या वापरासाठी नाही. ब्रिटनमध्ये मुळात पट्ट्यांविना बनलेल्या गाडीतून तीन वर्षांखालील मूल नेताच येत नाही. त्याहून मोठ्याने मागेच बसायचे. म्हणजे तिथे चार वर्षांच्या मुलाला मागच्या बाकावर मुभा आहे. पण कायदा ज्याची शिक्षा देत नाही ते सारे योग्यच असते, असे मानणारा अधिकारी मी नोकरीतही नव्हतो.

इथवर प्रश्न यंत्राचा होता. खरा पेच पुढे आहे. आपल्या देशात लाखो मुले रोज स्कूटरवर पुढे उभी राहून शाळेत जातात. दुचाकीवरच्या चार वर्षांपर्यंतच्या मुलांना शिरस्त्राण व बांधून ठेवणारा पट्टा हवा, असा नियम सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये काढला; तो एका वर्षाने अमलात आला. रस्त्यावर तो किती दिसतो, हे वाचकांनी स्वतःच पाहावे. मग वर्षातून एकदा जुन्या मोटारीत बसणाऱ्या नातवाबद्दल एवढा काथ्याकूट करणे हा सुखवस्तूंचा चोचला नव्हे काय?

मला वाटते, इथेच गरज आणि हौस यांतला भेद पाहिला पाहिजे. ज्याच्याकडे स्कूटरच आहे आणि मुलाला शाळेत पोचवायचे आहे, तो बाप नाइलाजाने धोका पत्करतो. त्याच्या बदल्यात मुलाला शिक्षण मिळते. माझ्या दाराशी मात्र पट्टे असलेली दुसरी गाडी उभी असते. ती बाजूला ठेवून मी जुनी काढतो, ती केवळ मला आवडते म्हणून. त्या बापाला दोष देण्याचा मला अधिकार नाही, आणि त्याच्या आड लपण्याचाही नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुलांना अगदी कापसात ठेवले तर ती दुबळी होतील. हे मला मान्य आहे. चांदोदला नर्मदेत आम्ही पोहायला शिकलो तेव्हा नाकातोंडात पाणी गेलेच. चिंचेवरून पडलो, उत्तरायणात मांज्याने बोटे कापून घेतली. पण त्या धोक्यांत आमचा काही वाटा होता. फांदी कचकचली की पाय मागे घेता येई. पुढच्या वेळी कुठली फांदी धरायची हे कळे. तो धोका मुलाला काही शिकवून जाई. मोटारीच्या बाकावर बसलेले मूल काय शिकते? त्याच्या हाती ना सुकाणू, ना ब्रेक. समोरून येणारा ट्रक त्याच्या सावधपणाने थांबत नाही. ते केवळ माझ्या धोक्यात सामील होते, आणि तेही न विचारता.

कोणी म्हणेल, त्याने स्वतःच तर हट्ट केला होता. चार वर्षांच्या मुलाची इच्छा असते, संमती नसते. परिणाम कळल्याशिवाय दिलेला होकार होकार नव्हे, हे आपण जमिनीच्या खरेदीखतातसुद्धा पाळतो. मग संमती कोणी द्यायची? पालकांनी. पण पालकांचा हा अधिकार मालकीचा नसून विश्वस्ताचा आहे, आणि विश्वस्ताने ठेव आपल्या हौसेसाठी वापरायची नसते. हा विचार बडोद्याला तरी नवा वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली ते सर्व संस्थानात लागू केले. त्याआधी १९०४ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला. ‘मूल आमचे, त्याचे बरेवाईट आम्ही पाहू’ हे तेव्हाही म्हणता आले असते. मूल पालकांचे असले तरी त्याचे उद्याचे आयुष्य त्यांच्या मालकीचे नाही, हेच त्या दोन्ही कायद्यांच्या मुळाशी होते.

एवढे सगळे मी त्या रविवारच्या आत विचार करून ठरविले असते तर बरे झाले असते. तसे घडले नाही. संक्रांतीला धाकटी बहीण तिळगूळ द्यायला आली, तेव्हा मी सुनेची तक्रार तिच्यापुढे मांडली. मला वाटले, ती माझी बाजू घेईल. १९६७ साली काकांच्या याच गाडीतून आम्ही नऊ माणसे गरुडेश्वरला निघालो होतो. बहीण तेव्हा चार वर्षांची होती. पुढच्या बाकावर काका आणि वडील यांच्यामध्ये उभी होती. एक म्हैस आडवी आली, काकांनी ब्रेक दाबला आणि तिची हनुवटी समोरच्या पत्र्यावर आपटली. काकांनीच टाके घातले. महाराजांच्या कृपेने निभावले, असे सगळे म्हणाले, आणि पुढे प्रत्येक लग्नकार्यात हा प्रसंग हसत हसत सांगितला गेला. सांगणाऱ्यांत मीही असे.

तिने माझे ऐकून घेतले आणि म्हणाली, “दादा, ही गोष्ट तुम्ही सगळे फार छान सांगता. मला मात्र त्या दिवसाचं रक्ताची चव एवढंच आठवतं. आणि मला मध्ये उभं राहायचं नव्हतं. मागे आईजवळ बसायचं होतं.”

साठ वर्षे होत आली, आम्हां कोणालाच हे माहीत नव्हते. कोणी विचारलेच नव्हते.

त्या रविवारी आम्ही गरुडेश्वरला गेलो, ते नव्या गाडीतून. नातू मागे आपल्या आसनात बांधलेला होता आणि डभोईपर्यंत रुसलेला होता. फियाट मी विकलेली नाही. तिच्यावरचे माझे प्रेमही कमी झालेले नाही. मेळाव्याला मी तिला घेऊन जातो, एकटा किंवा माझ्याच वयाचा एखादा मित्र बरोबर घेऊन. आम्हां दोघांना काय होऊ शकते ते ठाऊक असते आणि आम्ही ते पत्करलेले असते. नातू अंगणात उभ्या गाडीत सुकाणूमागे बसतो, तोंडाने इंजिनाचा आवाज काढतो आणि मला शेजारी बसवून वाटेल तिथे नेतो. तेवढा वेळ किल्ली माझ्या खिशात असते. मोठा झाल्यावर, सगळे समजून घेऊन त्याने या गाडीत बसायचे ठरविले, तर तो त्याचा निर्णय असेल. तोवर त्याच्या वतीने निर्णय घेणे माझ्याकडे आहे, आणि सूनबाईंचा तो एका वाक्याचा शेरा मला आता पूर्णपणे मंजूर आहे.