‘उपलब्धी’च्या रकान्यात काय लिहायचं?

आपल्याकडे कॉलेज प्रवेशाचा अर्थ वर्षानुवर्षं एकच होता: मार्क. सीईटीचे पर्सेंटाइल, जेईईची रँक, नीटचा स्कोर. वक्तृत्व स्पर्धेतला पहिला नंबर, तालुक्याला जिंकलेली कबड्डीची ढाल, विज्ञान प्रदर्शनातलं मॉडेल हे सगळं लॅमिनेट होऊन फाइलमध्ये जायचं आणि पाहुणे आले की बाहेर यायचं. इंजिनिअरिंगची सीट त्यावर मिळत नसे.

आता चित्र थोडं बदलतंय. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी प्रत्येक बी.टेक. शाखेत दोन जादा जागा ठेवल्या, पुढच्या वर्षी कलाकारांसाठीही तसंच केलं. आयआयटी कानपूरने २०२५ मध्ये ऑलिम्पियाडच्या मुलांसाठी काही विभागांचं दार उघडलं, तेही जेईई अ‍ॅडव्हान्स्डशिवाय. गणिताच्या राष्ट्रीय ऑलिम्पियाडमधल्या कामगिरीला चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये आधीपासून किंमत आहे. पुण्या-मुंबईच्या खाजगी विद्यापीठांच्या फॉर्मवर तर ‘पुरस्कार, स्पर्धा, उपलब्धी’ असा वेगळा रकानाच असतो.

बरंच वाटतं ऐकायला. एका दिवसाच्या तीन तासांवर माणूस तोलण्यापेक्षा त्याने आयुष्यात काय केलं ते बघा, यात वाईट काय? माझा प्रश्न इथूनच सुरू होतो. पुरस्कार नेमकं काय सांगतो? आणि तो जे सांगतो, त्यावर कॉलेजची जागा देणं न्याय्य आहे का?

आधी घरचं उदाहरण घेऊ. दहावीच्या निकालात खेळ आणि कलेचे वाढीव गुण मिळतात. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत ‘अ’ श्रेणी असेल तर ७, ‘ब’ला ५, ‘क’ला ३. खेळात स्पर्धेची पातळी वाढेल तसे गुण वाढतात. हेतू चांगला आहे. मैदानावर किंवा कागद-रंगांसोबत घालवलेला वेळ वाया गेला नाही, हे बोर्डाने अधिकृतपणे मान्य केलं. पण गुण जोडले की चित्रकला बदलते. चित्र आवडणारं मूल आणि ७ गुण आवडणारे पालक एकाच क्लासच्या दारात उभे राहतात. २०२५ च्या दहावीच्या निकालात २११ मुलांना शंभर टक्के होते, आणि त्यातली ११३ एकट्या लातूर विभागातली. ही मुलं मेहनती असणारच. पण शंभर टक्क्यांच्या त्या आकड्यात सर्वोत्तम पाच विषयांचा नियम आणि वाढीव गुण दोन्ही मिसळलेले असतात. आकडा बघून त्यातलं गणित किती आणि चित्रकला किती, हे कुणालाच सांगता येत नाही.

चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाच्या नावाने एक नियम ओळखला जातो: एखादं मोजमाप हेच ध्येय झालं की ते नीट मोजेनासं होतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे रोज दिसतं. किती बग बंद केले यावर शाबासकी मिळू लागली की लोक एका बगचे चार बग करून नोंदवतात.

पुरस्काराची गोष्ट त्याहून गुंतागुंतीची आहे, कारण एका प्रमाणपत्रात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, मुलाची कुवत आणि मेहनत. दोन, त्या स्पर्धेपर्यंत पोचायची वाट. तीन, त्या दिवशी समोर कोण कोण होतं. प्रमाणपत्रावर फक्त पहिली गोष्ट छापलेली असते.

दुसऱ्या गोष्टीचं बघा. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा असे सहा तालुके. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्राचे जे चार जिल्हे आले, त्यात आमचा एक. मानोरा तालुक्यातली एखादी मुलगी जिल्ह्याला पहिली आली की विभागीय स्पर्धा अमरावतीला, शंभराहून जास्त किलोमीटरवर. सोबत यायला शाळेतल्या सरांना किंवा मॅडमना सुट्टी मिळायला हवी, गाडीभाडं हवं, मुक्कामाची सोय हवी, आणि घरून ‘जा’ म्हणणारं कुणीतरी हवं. यातलं एक जरी हुकलं तर तिच्या फाइलमध्ये ‘जिल्हास्तर’ एवढंच राहतं. धावण्याचा वेग तोच, कागद वेगळा.

ऑलिम्पियाडचंही तसंच. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, देशभरातून निवडलेल्या मुलांची तयारी तिथे होते. परीक्षा सगळ्यांना खुली आहे. पण अशी परीक्षा असते हे आठवी-नववीत कुणीतरी सांगावं लागतं, नोंदणी कुठून करायची ते कळावं लागतं, आणि शाळेच्या पुस्तकाबाहेरची गणितं घालणारा एखादा शिक्षक भेटावा लागतो. आमच्याकडे हुशार मुलांच्या घरात तीन परीक्षांची नावं पक्की माहीत असतात: स्कॉलरशिप, नवोदय, एनएमएमएस. त्या घरोघरी पोचल्या, कारण शाळेतले शिक्षक स्वतः फॉर्म भरून घेतात. जिथे सांगणारा माणूस पोचला, तिथे मुलं पोचली.

माझी मावसबहीण मानोऱ्याजवळच्या गावात राहते. मागच्या वर्षी पुण्यातल्या एका खाजगी विद्यापीठाचा फॉर्म भरताना तिने मला फोन केला. “दादा, ह्याच्यात काय लिहू? माह्याजवळ तं काईच नाई.” मी विचारलं, दिवसभर काय करतेस? तर तिच्या आईच्या बचत गटाचा सगळा हिशेब ती दोन वर्षांपासून लिहीत होती. चौदा बायका, कर्जं, हप्ते, व्याज. एकदा बँकेच्या नोंदीत फरक आला तेव्हा पासबुकांवरून तिनेच तो शोधून काढला होता. मी म्हटलं, हे लिही. ती म्हणाली, “हे काय लिहायचं दादा, हासतीन लोकं.” शेवटी तिने लिहिलं, साध्या चार ओळींत. वाचणाऱ्याने त्या ओळींचं काय केलं ते आम्हाला कळायचा मार्ग नाही. पण ‘काईच नाई’ हे तिला खरं वाटत होतं, आणि तसं वाटायला फॉर्मवरचे ते तीन शब्द पुरेसे होते.

परीक्षेपलीकडचा माणूस बघायची ही पद्धत अमेरिकेत शंभर वर्षं जुनी आहे आणि तिचा जन्म फार उदात्त नाही. १९२० च्या दशकात परीक्षा देऊन हार्वर्डमध्ये येणाऱ्या ज्यू मुलांची संख्या वाढली, ती अध्यक्ष लॉवेल यांना खुपली. मग अर्जात ‘चारित्र्य’, फोटो, व्यक्तिमत्त्व अशा गोष्टींना वजन आलं. जे मोजता येत नाही त्याच्या आडून नको असलेल्यांना बाहेर ठेवता येतं. २०१९ मध्ये तिथे मोठा प्रवेश घोटाळा उघड झाला. श्रीमंत पालकांनी प्रशिक्षकांना पैसे चारून, कधी होडी न वल्हवलेल्या मुलांना नौकानयनपटू म्हणून दाखवलं होतं. व्यायामाच्या मशीनवर बसवून फोटोसुद्धा काढले होते. आपण हसायचं कारण नाही, खेळाडूंच्या कोट्यातल्या सरकारी नोकऱ्यांसाठी बनावट प्रमाणपत्रं आपल्याकडेही सापडली आहेत.

आणि २०२२ मध्ये एमआयटीने काय केलं? कोविडमध्ये थांबवलेली सॅट परीक्षा पुन्हा सक्तीची केली. कारण त्यांनी असं दिलं की ज्या मुलांच्या शाळेत वरच्या दर्जाचे विषय किंवा इतर संधी नाहीत, त्यांची तयारी ओळखायला परीक्षेची मदत होते. परीक्षा गरिबांच्या विरोधात असते असं आपण समजतो. इथे उलटा अनुभव होता.

म्हणून परीक्षा निर्दोष ठरते का? अजिबात नाही. लातूर आणि कोट्याची फी भरू शकणारं घर तिथेही पुढे असतं. पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. परीक्षेचा पत्ता सगळ्यांना माहीत असतो. अभ्यासक्रम छापलेला, तारीख जाहीर, जुने पेपर मोबाइलवर फुकट. पुरस्कारांच्या जगाचा पत्ता ओळखीतून कळतो. ज्या शर्यतीची बातमीच अर्ध्या गावाला नाही, तिच्यातल्या विजयाला ‘गुणवत्ता’ म्हणताना आवाज जरा खाली हवा.

मग पुरस्कार बघूच नयेत का? तेही मला पटत नाही. रोज पहाटे उठून चार वर्षं धावलेल्या मुलीला ‘तुझं धावणं आम्हाला दिसत नाही’ म्हणणं हाही अन्यायच. आयआयटी मद्रासची पद्धत मला त्यातल्या त्यात बरी वाटते. आधी जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या यादीत या, मग खेळ बघू, आणि जागा जादाच्या, त्यामुळे कुणाच्या ताटातलं काढलेलं नाही. पण वाट नसलेल्यांचा प्रश्न तिनेही सुटत नाही.

मायकेल सँडेल या तत्त्वज्ञाने २०२० च्या ‘द टिरनी ऑफ मेरिट’ या पुस्तकात एक उपाय सुचवला आहे: पात्रतेची एक रेषा ठरवा आणि तिच्या वरच्यांमधून चिठ्ठी टाका. ऐकायला विचित्र वाटतं, पण आरटीईच्या २५ टक्के जागांची सोडत आपण दरवर्षी बघतोच. तिथे नंबर लागलेलं मूल स्वतःला थोर समजत नाही आणि न लागलेलं स्वतःला टाकाऊ समजत नाही. अठराव्या वर्षी हे भान फार मोलाचं आहे.

उद्या सगळीकडे चिठ्ठ्या पडतील असं मला वाटत नाही. पण जो कुणी तो रकाना छापतो, त्याच्यावर दोन गोष्टी बंधनकारक असाव्यात. पुरस्कारासोबत ‘तुमच्या शाळेत, तालुक्यात कोणत्या स्पर्धा होत्या?’ हेही विचारा, म्हणजे शून्य कशातलं शून्य आहे ते कळेल. आणि ज्या स्पर्धांना तुम्ही किंमत देता, त्यांची पहिली फेरी तालुक्याच्या गावी होते का, याची जबाबदारी घ्या. होत नसेल तर त्या स्पर्धेचं वजन कमी करा.

आणि तुम्ही जे हे मोबाइलवर वाचताय, फॉर्म भरायच्या वयाचे असाल, तर एवढंच. फाइल जाड असेल तर अभिमान बाळगा, पण तुम्हाला त्या स्पर्धेपर्यंत ज्यांनी नेलं त्यांची नावं विसरू नका. फाइल रिकामी असेल तर तो तुमच्यावर लागलेला निकाल नाही. त्या रकान्याला जेवढं विचारता आलं तेवढंच त्याने विचारलंय.