सोबत बसणं हेही काम आहे

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना मनोरुग्णालयातली पोस्टिंग लागते, तेव्हा पहिले काही दिवस बहुतेकांना एकच प्रश्न छळतो : इथे आपण करायचं काय? मेडिकल-सर्जिकल वॉर्डात हात रिकामे राहत नाहीत. बीपी घ्या, सलाइन बघा, ड्रेसिंग बदला, चार्ट भरा. मनोरुग्णालयातला रुग्ण मात्र बहुतेक वेळा अंगाने धडधाकट असतो. तो स्वतः चालतो, स्वतः जेवतो. सकाळच्या गोळ्या देऊन झाल्या, त्या गिळल्या की नाही ते पाहून झालं, की पुढचे कित्येक तास समोर एक माणूस आणि आपण. विद्यार्थिनी मग खिडकीपाशी घोळका करून उभ्या राहतात किंवा जुन्या फायली उतरवून घेत बसतात. यात त्यांचा आळस नसतो. मनाने आजारी असलेल्या माणसाची शुश्रूषा म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर या व्यवसायालाही फार उशिरा सापडलं. ते कसं सापडलं, हे विद्यार्थ्यांना इतिहासाच्या धड्यातल्या सनावळीपलीकडे कुणी सांगत नाही.

या इतिहासात मनोरुग्णांच्या साखळ्या तोडणारा म्हणून फिलिप पिनेल या फ्रेंच डॉक्टरचं नाव घेतलं जातं. पिनेल मोठाच माणूस होता. पण पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयातल्या साखळ्या काढल्या त्या जाँ-बाप्तिस्त प्यूसाँ यांनी, 1797 मध्ये, आणि पिनेल त्याआधीच दुसऱ्या रुग्णालयात गेले होते. प्यूसाँ डॉक्टर नव्हते. कातडी कमावण्याचा धंदा करणारा हा माणूस गंडमाळेवर उपचार घ्यायला बिसेत्रमध्ये आला, तिथेच नोकरीला लागला आणि पुढे मनोरुग्णांच्या विभागाचा प्रमुख झाला. रुग्णावर हात उगारायचा नाही, असा दंडक त्यांनी आपल्या माणसांना घातला. बऱ्या झालेल्या रुग्णांनाच त्यांनी सेवक म्हणून कामावर घेतलं. त्यांच्या पत्नी मार्गेरित यांनीही रुग्णांना हाताळण्याचं हे काम त्यांच्याबरोबरीने केलं. आपण हे सगळं प्यूसाँकडून शिकलो, याची कबुली पिनेल यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आधुनिक मनोविकारशास्त्राच्या पहिल्या पानावर एका शुश्रूषकाचं नाव आहे आणि ते आपल्या विद्यार्थ्यांना माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं.

इंग्लंडमध्ये विल्यम टूक या क्वेकर पंथाच्या चहाच्या व्यापाऱ्याने 1796 मध्ये यॉर्कला ‘रिट्रीट’ सुरू केलं. शेतीकाम, शिवणकाम, फिरणं, एकत्र चहा घेणं, सौम्य बोलणं यांवर तिथे भर होता. 1839 मध्ये लंडनजवळच्या हॅनवेल रुग्णालयात जॉन कॉनोली यांनी रुग्णांना बांधून ठेवण्याची सगळी साधनं बंद केली. यातून एक साधी व्यावहारिक अडचण उभी राहिली. बांधलेल्या पन्नास माणसांवर नजर ठेवायला एक राखणदार पुरतो. मोकळ्या पन्नास माणसांना सांभाळायला माणसं लागतात, आणि ती शहाणी, शांत, शिकलेली लागतात. मनोविकार परिचर्येच्या शिक्षणाची गरज दयेइतकीच या हिशेबातून जन्मली. 1882 मध्ये अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयात परिचारिकांची प्रशिक्षणशाळा निघाली. 1885 मध्ये ब्रिटनमध्ये मनोरुग्णांच्या सेवकांसाठी पहिली हस्तपुस्तिका छापली गेली आणि काही वर्षांत त्यांच्या परीक्षाही सुरू झाल्या.

पण या शाळांमध्ये शिकवलं काय? मुख्यतः शरीराचीच काळजी. अंघोळ, खाणं, झोप, ताप, बेडसोअर. मनाच्या बाजूने एवढंच, की दयाळू राहा, नीट लक्ष ठेवा, पळून जाऊ देऊ नका. दया हा स्वभाव मानला गेला होता. तिचं कौशल्य होऊ शकतं, ते शिकवता आणि तपासता येतं, हा विचार अजून कुणी नीट मांडलेला नव्हता. त्याची चाहूल मात्र फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याकडे लागते. त्यांच्या 1859 च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये रुग्णाला दिल्या जाणाऱ्या पोकळ धीराविरुद्ध एक अख्खं प्रकरण आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘काही नाही होत, बरे व्हाल’ म्हणतो आणि रुग्ण आणखी एकटा पडतो, हे त्यांनी ओळखलं होतं. आपल्याकडे तर हे वाक्य सवयीनेच तोंडात येतं. ‘टेन्शन घेऊ नका.’ ‘चांगले विचार करा.’ ‘तुमच्यापेक्षा वाईट अवस्थेत लोक असतात.’ बोलणाऱ्याला बरं वाटतं. ऐकणाऱ्याला कळतं, की यापुढे या माणसापाशी काही बोलण्यात अर्थ नाही.

1930 च्या दशकात हातांना पुन्हा भरपूर काम मिळालं. इन्शुलिन देऊन रुग्णाला बेशुद्धीत नेण्याचा उपचार आला, मेंदूवरची शस्त्रक्रिया आली, 1938 मध्ये रोममध्ये विजेचा झटका देण्याचा उपचार आला. त्यातल्या इन्शुलिन कोमाची गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याने मुद्दाम समजून घ्यावी. या उपचारात रुग्णाला रोज सकाळी इन्शुलिन टोचून रक्तातली साखर इतकी खाली आणत, की तो बेशुद्ध व्हायचा. मग साखर देऊन त्याला शुद्धीवर आणत. असं कित्येक आठवडे चाले. जीव धोक्यात असल्याने परिचारिका रुग्णाच्या उशाशी सतत बसून असे. नाडी बघे, घाम पुसे, शुद्धीवर येताना त्याला हाक मारे, नंतर खायला घाली. स्किझोफ्रेनियाचे कितीतरी रुग्ण सुधारत आहेत, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. पुढे 1957 मध्ये लंडनच्या काही डॉक्टरांनी रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला इन्शुलिनने बेशुद्ध केलं, दुसऱ्याला झोपेच्या औषधाने. बाकी देखभाल सारखीच ठेवली. दोन्ही गटांच्या सुधारणेत फरक आढळला नाही. इन्शुलिनचा दबदबा ओसरला. जी काही सुधारणा दिसत होती, तिच्यात उशाशी बसलेल्या माणसाचा वाटा किती होता, ही शंका तेव्हापासून अनेकांनी बोलून दाखवली. मला ती शंका रास्त वाटते. वर्षानुवर्षं कोपऱ्यात टाकलेल्या माणसाकडे कुणीतरी रोज तासन् तास लक्ष देत होतं, आणि उपचारांच्या हिशेबात त्या लक्ष देण्याची नोंद कुठेच नव्हती.

ती नोंद केली हिल्डगार्ड पेप्लाव यांनी. 1909 मध्ये पेन्सिल्व्हेनियात एका पोलिश स्थलांतरित कुटुंबात त्या जन्मल्या. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत, तापात भ्रम झालेली माणसं त्यांनी लहानपणीच पाहिली होती. पुढे त्या परिचारिका झाल्या, मानसशास्त्र शिकल्या, दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या लष्करी मनोरुग्णालयात त्यांनी काम केलं. त्यांचं ‘इंटरपर्सनल रिलेशन्स इन नर्सिंग’ हे पुस्तक 1948 मध्ये लिहून तयार होतं, ते छापलं गेलं 1952 मध्ये. परिचारिकेने डॉक्टर सहलेखकाशिवाय असं पुस्तक लिहावं, हे तेव्हा पचण्यासारखं नव्हतं.

पुस्तकातला मूळ विचार असा : परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हे उपचाराचं नुसतं वातावरण नसून तोच उपचाराचा भाग आहे. दोघं अनोळखी म्हणून भेटतात, विश्वास जमतो, रुग्ण त्या विश्वासाचा उपयोग करून घेतो, आणि मग ठरवून निरोप घेतला जातो. मैत्रीत दोघांच्याही गरजा भागतात. इथे केंद्रस्थानी फक्त रुग्णाची गरज असते. म्हणून परिचारिकेने स्वतःच्या भीतीकडे, रागाकडे, कीव येण्याकडेही तपासणीच्या नजरेने पाहायला हवं. चिंतेच्या सौम्य, मध्यम, तीव्र आणि भयग्रस्त अशा चार पातळ्या त्यांनी सांगितल्या, आणि त्यातून बोलण्याची रीत ठरते. सौम्य चिंतेत माणूस शिकू शकतो, तेव्हा त्याला औषधांबद्दल सांगा. भयाने गारठलेल्या माणसाला माहिती देऊन उपयोग नाही. छोटी वाक्यं, शांत आवाज, थोडं अंतर, आणि त्याला एकटं न सोडणं. आवाजांचे भास होणारा रुग्ण ‘ते मला मारायला आलेत’ म्हणतो, तेव्हा त्याच्याशी वाद घालायचा नाही आणि हो ला हो सुद्धा करायचं नाही. ‘मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तुम्हाला येतोय आणि तुम्ही घाबरलाय, हे मला कळतंय. मी इथेच आहे.’ इतकं साधं वाक्य नेमक्या क्षणी सुचावं म्हणून सराव लागतो.

योगायोग असा, की त्याच 1952 साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा मनोरुग्णांवर उपयोग सुरू झाला. या औषधाने कोट्यवधी लोकांना वॉर्डाबाहेरचं आयुष्य दिलं, त्याचं मोल कमी लेखू नये. पण औषधाची ट्रॉली आली आणि हातांना पुन्हा काम मिळालं. व्हिएन्नाहून नाझींच्या भीतीने ब्रिटनला आलेल्या ॲनी अल्टशूल यांनी एडिनबरोत परिचारिका आणि रुग्ण यांच्यातल्या संवादाचा अभ्यास करून 1972 मध्ये तो प्रसिद्ध केला. परिचारिकांच्या बोलण्यामागे कोणताही ठरलेला विचार त्यांना सापडला नाही. पेप्लाव यांचं पुस्तक येऊन वीस वर्षं झाली, तरी ते वॉर्डात पोचलं नव्हतं.

भारतात बंगळूरला 1954 मध्ये ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ सुरू झाली. आजची निमहान्स तिच्यातूनच घडली, आणि मनोविकार परिचर्येच्या पदविकेचं शिक्षणही त्याच दशकात तिथे आलं. पण आपल्या भूमीतला सगळ्यात मोलाचा विचार मला अमृतसरच्या मनोरुग्णालयात दिसतो. तिथे 1950 च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी आवारात तंबू ठोकले. घरचं माणूस रुग्णाबरोबर राहिलं, आजार समजून घेऊन गेलं, तर रुग्णाची घरी परतण्याची वाट मोकळी राहते, हे त्यांनी दाखवून दिलं. पेप्लाव यांच्या मांडणीत दोन माणसं आहेत. आपल्या वॉर्डात नेहमी तिसरं माणूस असतं. ‘सिस्टर, तो नाही हो बोलायचा, मीच सांगते,’ असं म्हणणारी आई पुस्तकात नाही. तिला बाहेर बसवून ‘नातं’ जुळवणं हा अर्धाच उपाय. तिची थकलेली बाजू ऐकायची आणि तरीही मुलाला त्याचं वाक्य बोलू द्यायचं, हे आपल्याकडचं खरं कौशल्य आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांनी ते सविस्तर लिहायला हवं.

6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले मनोरुग्ण पळू न शकल्याने जळून मेले. प्यूसाँनी साखळ्या काढल्याला तेव्हा दोनशे वर्षं उलटून गेली होती. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली, आणि रुग्णाला बांधून ठेवणं हे शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून करता येणार नाही, हेही स्पष्ट केलं. कॉनोलींच्या हॅनवेलमधला हिशेब इथे पुन्हा समोर येतो. पुरेशी शिकलेली माणसं नेमल्याशिवाय हा कायदा येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरीच्या वॉर्डात पाळला जाणं कठीण आहे. ती पदं भरणं हे सरकारचं काम आहे आणि त्याला पर्याय नाही.

शिकणाऱ्यांच्या हातात मात्र एक गोष्ट आजही आहे. अभ्यासक्रमातलं ‘प्रोसेस रेकॉर्डिंग’, म्हणजे रुग्णाशी झालेलं बोलणं शब्दशः लिहून काढायचं, आपण काय म्हणालो, तेव्हा आपल्याला काय वाटलं, तो का गप्प झाला, हे तपासायचं. पेप्लाव यांनी विद्यार्थिनींना हेच करायला लावलं होतं. ही वही सीनियरच्या फायलीवरून उतरवू नका. फसलेला संवाद तसाच लिहा, कारण शिक्षकाला शिकवता येतं ते त्यावरूनच. शिक्षकांनीही त्यावर नुसती सही करू नये, एकेक वाक्य घेऊन विद्यार्थ्याशी बोलावं. आणि पोस्टिंग कोणत्या तारखेला संपणार, हे आपल्या रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगा.