जुनेपणाची साक्ष : पाटांगणची पोथी आणि दासोपंतांची पासोडी

बीड येथील पाटांगणावर इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी हस्तलिखित पोथी मिळाली आणि तिच्या आधारे त्यांनी १९०९ साली आपली आवृत्ती प्रसिद्ध केली, ही घटना मराठी पाठचिकित्सेच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) ज्ञानेश्वरीची संहिता शुद्ध केली; पाटांगणची पोथी या शुद्धीकरणाच्या आधीची आहे, असा राजवाड्यांचा निर्णय होता. याच पोथीच्या भाषेवर त्यांनी ज्ञानेश्वरीतील मराठीचे व्याकरण उभे केले. घटनेचा उत्तरार्ध मात्र काहीशा दबक्या आवाजात सांगितला जातो. ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही. संतापाच्या भरात राजवाड्यांनीच ती नष्ट केली, अशी कथा अभ्यासकांच्या वर्तुळात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कथेचा तपशील कितपत खरा, हा प्रश्न येथे गौण आहे. वस्तू नाहीशी झाली आणि तिचे मूल्यमापन तेवढे उरले, ही स्थिती विचारात घेण्याजोगी आहे. कारण जुन्या वस्तूची पारख करणे म्हणजे नेमके काय करणे, आणि पारख करणाऱ्याने स्वतःला कशाने बांधून घ्यावयाचे, हे दोन्ही प्रश्न तिच्यातून उभे राहतात.

'पारख' हा शब्द 'परीक्षा' या संस्कृत शब्दापासून आला आहे, आणि सोनाराची कसोटी हे तिचे सर्वांत परिचित रूप. कसोटीच्या दगडावर सोने घासले की कस उमटतो. पण सोने जागेवर राहते आणि मालकाला शंका आली तर तो तेच सोने दुसऱ्या सराफाकडे नेऊ शकतो. पहिल्या सराफाच्या शब्दाला जी किंमत येते ती या दुसऱ्या सराफाच्या शक्यतेमुळे. प्रत्यक्षात कोणी दुसरीकडे जात नसेलही; शक्यता उघडी असणे पुरेसे असते. पाटांगणच्या पोथीबाबत ही शक्यता कायमची बंद झाली. तिचे अक्षरवळण, लेखनद्रव्य, समासातील खुणा, एका हाताने लिहिली की अनेक हातांनी, खाडाखोड कोठे आणि कोणी केली, यांपैकी काहीही आता तपासता येत नाही. उरला आहे तो राजवाड्यांचा शब्द आणि त्यांनी छापलेली संहिता. जो पुरावा होता त्याची साक्ष झाली. पुरावा आणि साक्ष यांतील अंतर न्यायालयात जेवढे काटेकोरपणे पाळले जाते तेवढे वाङ्मयाच्या अभ्यासात पाळले जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

यावर असे उत्तर दिले जाते की पोथी गेली तरी भाषा राहिली, आणि ती भाषाच आपले वय सांगते. हे उत्तर वाटते तितके निर्णायक नाही. लोरेन्झो वाल्ला या इटालियन विद्वानाने १४४० मध्ये कॉन्स्टंटाइनचे तथाकथित दानपत्र खोटे असल्याचे दाखवून दिले, ते प्रामुख्याने त्यातील लॅटिनच्या आधारे. चौथ्या शतकात जी लॅटिन लिहिली जाणे शक्य नव्हते ती त्या पत्रात होती. भाषेच्या साक्षीची ही शक्ती आहे आणि मर्यादाही. नंतरचा शब्द आढळला तर लेख आधीचा नव्हे, असे म्हणता येते. परंतु जुना शब्द आढळला म्हणून लेख जुना, असे त्याच ठामपणे म्हणता येत नाही. जुने रूप परंपरेने जपलेले असू शकते, प्रदेशविशिष्ट असू शकते, क्वचित कोणी हौसेने योजलेलेही असू शकते. शिवाय राजवाड्यांच्या बाबतीत एक चक्र संभवते. पोथी जुनी मानून तिच्यातील रूपांवरून तेराव्या शतकातील मराठीचे व्याकरण सिद्ध करावयाचे, आणि त्या व्याकरणाशी जुळते म्हणून पोथी जुनी ठरवावयाची. हे चक्र बाहेरून आलेल्या पुराव्याने तोडता येते: शिलालेखांतील मराठी, महानुभावांचे गद्य, ज्ञानेश्वरीच्याच इतर जुन्या प्रती. जेथे असा आधार मिळतो तेथे राजवाडे प्रतीच्या पाठाला बळ येते. जेथे ती एकटीच बोलते, तेथे ज्ञानदेवांचा शब्द ऐकू येतो, लेखकाचा, की राजवाड्यांचा, हे सांगण्याचे साधन उरलेले नाही. राजवाडे व्युत्पत्तीचे असामान्य रसिक होते, ही गोष्ट त्यांच्या बाजूने जाते तशी त्यांच्या विरुद्धही जाते.

याच जिल्ह्यात या कोड्याची उलटी बाजूही आढळावी, हा एक विलक्षण योग म्हणावा लागेल. मुकुंदराजांची समाधी आंबेजोगाईस आहे, अशी परंपरा आहे आणि 'विवेकसिंधू'चा रचनाकाळ शके १११० (इ. स. ११८८) असा परंपरेने मानला जातो. हा शक खरा धरला तर 'विवेकसिंधू' ज्ञानेश्वरीपेक्षा सुमारे शंभर वर्षांनी जुना ठरतो आणि मुकुंदराज आद्यकवी. अडचण अशी की त्याची उपलब्ध भाषा ज्ञानेश्वरीपेक्षा सोपी, अर्वाचीन वाटते. ती लेखकांच्या हातून पिढीगणिक बदलत गेली, असे एक पक्ष म्हणतो. शकच विश्वसनीय नाही, असे दुसरा. ग्रंथरचनेचे स्थळ मराठवाड्यातील आंबेजोगाई की विदर्भातील अंभोरे, हा वाद त्यात आणखी मिसळला. पाटांगणच्या पोथीत भाषा जुनी आणि वस्तू बेपत्ता. 'विवेकसिंधू'त शक जुना आणि भाषा नवी. दोन्हीकडे अभ्यासकाला एका साक्षीदारावर विश्वास ठेवून दुसऱ्याला समजावून सांगावे लागते, आणि कोणावर विश्वास ठेवावा हे पुष्कळदा अभिमान ठरवतो. आद्यकवी आपल्या गावचा असावा असे वाटण्यात गैर काही नाही. मात्र ती इच्छा पुराव्याच्या पारड्यात बसली की वजन कोणाचे आणि इच्छा कोणाची, हे वेगळे करणे कठीण जाते. महाराष्ट्रातील कोणत्याही दगडी जुन्या देवळाला 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होण्याची लोकरीत हे याच मनोवृत्तीचे निरुपद्रवी उदाहरण. ज्या वस्तूला नाव चिकटत नाही ती वस्तू मनाला अपुरी वाटते, म्हणून उपलब्ध असलेले सर्वांत प्रतिष्ठित नाव तिला दिले जाते.

आंबेजोगाईची तिसरी वस्तू मात्र या दोहोंहून निराळी आहे. दासोपंत (१५५१–१६१५) यांनी पंचीकरण हा वेदान्तविषय एका पासोडीवर लिहिला. पासोडी म्हणजे अंगावर घ्यावयाचे जाडेभरडे कापड. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशी ही पासोडी आंबेजोगाईस जपली गेली. दासोपंतांना लेखनासाठी दररोज एका ढबू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. 'गीतार्णव' आणि 'पदार्णव' या ग्रंथांची नावे ऐकली तरी ती अतिशयोक्ती वाटत नाही. एवढे लिहिणाऱ्या माणसाने कागद सोडून कापड का घेतले, याविषयी तर्क पुष्कळ करता येतील. ते न करता एवढेच नोंदवावे की, ज्याने थंडी निवारावयाची त्यावर, पंचमहाभूतांपासून हा देह कसा घडला याचे विवरण लिहिले गेले.

पासोडीवरील संहिता उतरवून घेतली गेली, छापली गेली. मग मूळ कापडाचे मूल्य काय उरले? नेल्सन गुडमन या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९६८ मध्ये कलाकृतींचे दोन वर्ग केले. चित्राची हुबेहूब नक्कल ही चित्र नसते, नक्कल असते. कवितेची अचूक प्रत मात्र कविताच असते. दुसऱ्या वर्गात बनावटीचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण अक्षरे तीच तर कृती तीच. गुडमनचा हा भेद मुद्रणाच्या जगात चोख लागू पडतो. पासोडीपुढे तो अडखळतो. तिच्यावरील ओव्या छापल्या की पंचीकरणाचा ग्रंथ संपूर्ण मिळतो हे खरे. परंतु ओळींची मांडणी, कापडाच्या रुंदीने ओवीला घातलेली मर्यादा, जागा संपत आल्यावर अक्षराची झालेली दाटी, वाचकाला कापड उलगडत पुढे सरकावे लागणे, या गोष्टी छापील पानात येत नाहीत. त्या अर्थाचा भाग आहेत की नाहीत, हे आधीच ठरवून टाकता येत नाही. ते ठरवण्यासाठी कापड लागते. मुद्रित संहितेने मूळ वस्तूची जागा घेतली असे मानणारा संपादक, भावी अभ्यासक कोणते प्रश्न विचारणार आहेत हे आपल्याला आजच ठाऊक आहे असे मानतो. राजवाड्यांच्या पोथीबद्दलची हळहळ याच ठिकाणी सार्थ ठरते. त्यांनी आपल्या प्रश्नांची उत्तरे त्या पोथीतून मिळवली होती. इतरांचे प्रश्न अजून विचारले जावयाचे होते.

जुनेपणाचे मूल्य कशात असते याविषयी ऑस्ट्रियन कलेतिहासकार अलॉईस रीगल यांनी १९०३ मध्ये केलेला विचार येथे उपयोगी पडतो. वस्तूवर काळाच्या ज्या खुणा उमटतात, झीज, डाग, विरलेपण, त्यांच्यामुळे येणारे वयोमूल्य एक. आणि एका विशिष्ट काळाचा पुरावा म्हणून येणारे ऐतिहासिक मूल्य दुसरे. ही दोन मूल्ये परस्परांशी भांडतात. पहिल्याला झीज चालू राहिलेली हवी असते, दुसऱ्याला ती थांबवावयाची असते. मराठवाड्यातील घरांत आणखी एक मूल्य फार काळ नांदत आले, ते पूज्यतेचे. रीगल यांच्या विवेचनाचा भर युरोपीय स्मारकांवर असल्यामुळे देवघरात जपलेल्या पोथीला त्यात पुरती जागा मिळत नाही. पासोडी चार शतके टिकली ती कोणी तज्ज्ञाने तिची किंमत ठरवली म्हणून नव्हे. ती दासोपंतांची म्हणून तिला हात जोडले गेले म्हणून. अर्थात पूज्यता ही भाबड्या कौतुकाचीही गोष्ट नाही. जीर्ण पोथी नदीत विसर्जित करणे हेही पूज्यतेचेच कृत्य होते, आणि गोदावरी-कृष्णांच्या पाण्यात मराठीचे किती ग्रंथ गेले याचा हिशेब लागणे शक्य नाही. पोथी बाहेरच्यास दाखवू नये हा कटाक्षही त्याच भावनेतला. राजवाड्यांसारख्या शोधकाला दारोदार हिंडून, आर्जवे करून दप्तरे पाहावी लागली, त्यामागे हाच संकोच होता. मालकाला वाटे, हा माणूस देवाची किंमत करावयास आला आहे. तो सर्वस्वी चुकत होता असे म्हणता येणार नाही.

या तिन्ही मूल्यांच्या बाहेर एक चौथे आहे, तराजूचे. जुने तांब्यापितळेचे भांडे मोडीत घालून त्याच्या बदल्यात स्टीलचे नवे घेण्याच्या व्यवहारात वय, इतिहास, पूज्यता यांपैकी काहीच मोजले जात नाही. धातूचा दर तेवढा लागू होतो. दिनकर केळकर यांनी पुण्यात जो संग्रह उभा केला तो एका परीने या तराजूला दिलेले उत्तर होते. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने अडकित्ते, दिवे, दौती अशा रोजच्या वापरातील वस्तू गोळा केल्या, ज्यांना त्या वेळी कोणी पुराणवस्तू म्हटलेही नसते. बीडच्या शेजारच्या जिल्ह्यात तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी असेच केले. पेरिप्लसमधील तगर म्हणजेच हे तेर. तेथील टेकाडांत मिळणारी मृण्मये, मणी, नाणी त्यांनी जमवली. आज पुरातत्त्वाचा विद्यार्थी म्हणेल की वस्तू कोणत्या थरातून आली याची नोंद गेली की तिचे अर्धे बोलणे गेले. ते खरे आहे. परंतु न उचललेली वस्तू नांगराखाली गेली असती, हेही तितकेच खरे, आणि लामतुऱ्यांचा संग्रह शासकीय संग्रहालयात पोहोचला म्हणून त्यावर हे आक्षेपही घेता येतात. तेथे दुसरा सराफ येऊ शकतो.

कायद्याने या गुंत्यात वयाची एक सोपी रेघ ओढली आहे. १९७२ च्या पुराणवस्तू व कलानिधी अधिनियमानुसार सामान्य वस्तू १०० वर्षांची झाली की पुराणवस्तू ठरते. वैज्ञानिक, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्यविषयक मूल्य असलेल्या हस्तलिखितास ७५ वर्षे पुरतात. कायदा निर्यात रोखतो, विक्रेत्यावर परवान्याचे बंधन घालतो. मात्र हस्तलिखिताला वाङ्मयीन मूल्य आहे हे कोणीतरी आधी म्हणावे लागते. तेथे कायदा पुन्हा पारख्याकडेच परत येतो, आणि पारख्याने वस्तूशी कसे वागावे याविषयी त्याला फारसे काही सांगावयाचे नसते.

ज्याला वस्तूचे मूल्य प्रथम कळले त्याचा तिच्यावर काही विशेष अधिकार निर्माण होतो का? राजवाड्यांच्या वर्तनाविषयीची कथा खरी असेल तर तिच्या मुळाशी असा अधिकार गृहीत धरलेला दिसतो. अज्ञानाच्या अंधारात पडलेली पोथी मी बाहेर काढली, तिचे वय मी ओळखले, म्हणून ती माझी. या युक्तिवादात सत्याचा अंश आहे. त्यांच्यावाचून ती पोथी पाटांगणावर पडून राहिली असती आणि मराठी व्याकरणाचा एक अध्याय लिहिला गेला नसता. तरीही ज्ञानाने मिळालेली मालकी ही विश्वस्ताची मालकी असते. विश्वस्ताला वस्तू वापरता येते, तिच्यापासून कीर्ती मिळवता येते. तिचा शेवटचा वाचक होण्याचा हक्क त्याला नसतो. पाटांगणच्या पोथीचे राजवाडे हे शेवटचे वाचक ठरले. त्यांचा निर्णय बरोबर असेल; तो बरोबर होता हे त्यांना स्वतःलाही आता सिद्ध करता येणार नाही, हे त्या कृत्याने केलेले त्यांचेच नुकसान.

संपादनपद्धतीच्या दृष्टीने यातून एक लहानसा व्यावहारिक प्रश्न उरतो. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांची यादी करताना राजवाडे प्रतीला इतर हस्तलिखितांच्या ओळीत एक संक्षेपचिन्ह देऊन बसवण्याची प्रथा आहे. वाचकाच्या दृष्टीला ती इतर प्रतींसारखीच एक प्रत दिसते. वस्तुतः ती १९०९ चे मुद्रित पुस्तक आहे, ज्याच्या मागे एक हस्तलिखित होते. तिचे चिन्ह वेगळे असावे, आणि केवळ तिच्याच आधारावर उभा असलेला प्रत्येक पाठ त्या चिन्हानिशी ओळखता यावा.