प्रेमाचें वचन देतां येतें काय?

विवाहसंस्कारांत वधूवरें एकमेकांस जन्मभराचें वचन देतात. या वचनाविषयीं विचारी मनास एक शंका येते. कृतीचें वचन देतां येतें. भावनेचें कसें द्यावयाचें? उद्यां पहांटे उठेन, असें म्हणणें माझ्या हातांत आहे. ३० वर्षांनंतरही माझें मन याच माणसाकडे ओढ घेईल, असें म्हणणें कोणाच्या हातांत आहे? तेव्हां एकतर हें वचन पोकळ असलें पाहिजे, किंवा प्रेम म्हणजे केवळ भावना नसली पाहिजे.

दुसरा पक्ष मला खरा वाटतो. त्यासाठीं आपल्याकडचेंच एक उदाहरण घेऊं. १८७३ सालीं महादेव गोविंद रानडे यांची पहिली पत्नी वारली, आणि त्याच वर्षीं त्यांचा दुसरा विवाह झाला. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता असा हा ३१ वर्षांचा गृहस्थ वडिलांच्या आग्रहापुढें नमला; वधू अवघी ११ वर्षांची व निरक्षर होती. प्रेमास याहून प्रतिकूल आरंभ क्वचितच सांपडेल. तरी पुढें काय घडलें, तें रमाबाईंच्या १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या पुस्तकांत वाचावयास मिळतें. पतीनें दिलेले धडे, घरांतील बायकांचा त्यांस विरोध, आणि तो सोसून पत्नीनें नेटानें चालविलेला अभ्यास, अशा रोजच्या व्यापारांतून तें नातें १९०१ सालीं रानडे निवर्तले तोंपर्यंत घडत गेलें. येथें आचरण आधीं झालें. भावना त्याच्या पोटीं जन्मली.

परंतु यावरून ‘सोसणें म्हणजेच प्रेम’ असा सिद्धांत कोणी काढील, तर तो घातक होय. त्या घरांतही सोसण्याचा मोठा वांटा पत्नीकडेच होता. एका छपराखालीं ५० वर्षें काढलेलीं जोडपीं आपण पाहतों. त्यांतील कित्येकांचा संसार टिकलेला असतो, प्रेम टिकलेलें नसतें. एकानें संवयीनें सोसावें आणि दुसऱ्यानें संवयीनें घ्यावें, याला स्थैर्य म्हणतां येईल. स्नेह म्हणतां येणार नाहीं.

मग भेद कशांत आहे? भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’चा पहिला अंक पाहावा. दीर्घ सहवासानें परिपक्व झालेल्या दांपत्यप्रेमाचें इतकें सुंदर वर्णन अन्यत्र विरळा; आणि त्याच अंकांत, तें वर्णन करणारा राम निजलेल्या सीतेला कांहीं न विचारतां तिच्या त्यागाचा निश्चय करतो. त्याचें प्रेम खोटें नव्हतें. त्यानें तिला विचारलें नाहीं, एवढेंच. सप्तपदींतील सातवें पाऊल सख्याचें मानलें आहे. आणि ज्याचें मत विचारलें जातें, तोच सखा.

म्हणून त्या वचनाचा अर्थ ‘तूं मला नेहमीं आवडशील’ असा नव्हे, ‘तुला मी पुरतें ओळखलें, असें कधींही मानणार नाहीं, विचारीत राहीन’ असा आहे. हें कृतीचें वचन आहे. तें पाळतां येतें, आणि मोडलें तर मोडलें असें म्हणतांही येतें. विवाहाच्या पंचविसाव्या वर्षीं ‘तिला काय विचारावयाचें, तिचें मत मला ठाऊकच आहे’ हें वाक्य सहज तोंडून जातें. त्यांत विश्वास आहे असें बोलणाऱ्यास वाटतें. वास्तविक प्रेमाची मशागत तेथेंच थांबलेली असते.