खेळाचे यजमानपण

करमणूक चांगली की वाईट, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. परंतु तो बहुधा भलत्याच जागी लढला जातो, असे आम्हांस वाटते. खेळणाऱ्याने खेळावे की नाही, याची चर्चा आपण पुष्कळ करतो. खेळावयास बोलावणाऱ्याचा धर्म कोणता, हे मात्र क्वचितच विचारतो.

सुरतेच्या दक्षिणेस भेस्तान, उधना, पांडेसरा हा गिरण्यांचा आणि मागांचा पट्टा आहे. खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. घर लहान, गल्ली अरुंद, मोकळे मैदान दुर्मीळ. अशा घरातील मुलाने सुट्टीत झगमगत्या ‘गेम झोन’चा हट्ट धरला, तर त्याला चैनी म्हणणे अन्यायाचे होईल. आपली जत्रा तरी केवळ देवदर्शनाने कुठे पुरी होते? पाळणे, कुस्त्या, दशावतार, तमाशा तिच्यात असायचेच. देवाच्या अंगणात खेळाला जागा देणाऱ्या पूर्वजांनी मनुष्यस्वभाव ओळखला होता.

तेव्हा दोष खेळात नाही. 25 मे 2024 रोजी राजकोटच्या टीआरपी गेम झोनला आग लागून 27 माणसे गेली. त्यांत मुलेही होती. अग्निशमन खात्याचा ना-हरकत दाखला तेथे नव्हता. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन ही मानवनिर्मित आपत्ती असल्याचे म्हटले. पाच वर्षांपूर्वी, 24 मे 2019 रोजी, सुरतेच्या सरथाणा भागात तक्षशिला आर्केडच्या आगीत 22 विद्यार्थी मृत्युमुखी पडले. ती मुले खेळावयास नव्हे, शिकवणीस गेली होती. आग खेळ आणि अभ्यास यांत भेद करीत नाही. ती फक्त निष्काळजीपणा ओळखते.

कोणी म्हणेल, तिकीट ज्याने त्याने राजीखुशीने घेतले. पण खुशी ही जाणतेपणावर उभी असते. दुसरा जिना आहे की नाही, हे बाप डोळ्यांनी पाहू शकेल आणि त्याने ते पाहावेही. भिंतीआडच्या तारा आणि कचेरीतले दाखले त्याला दिसत नाहीत. जे त्याला दिसत नाही, त्याचा भार पैसे घेणाऱ्यावर आणि परवाना देणाऱ्यावर पडतो.

अशा वेळी आपण हटकून दैवाचे नाव घेतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. त्यांत दैव पाचवे आहे. आधी अधिष्ठान, कर्ता, साधने आणि नाना प्रयत्न. आपण मात्र पाचव्याला पहिला मान देतो, आणि पहिले चौघे निर्दोष सुटतात.

हा निवाडा इतरांपुरता ठेवून चालणार नाही. 25 जानेवारी 2005 रोजी मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे भाविक दगावले. तिथे कोणी खेळ मांडला नव्हता. आईच्या दर्शनाची ती वाट होती. आपल्या उत्सवाच्या मंडपातून बाहेर पडण्याच्या वाटा किती, तारा कोणी जोडल्या, हे आरतीपूर्वी पाहणारा माणूस आपण नेमला आहे काय? नेमला नसेल, तर गेम झोनच्या मालकाला बोल लावण्याचा आपला अधिकार लंगडा आहे.

अतिथीला देव मानणाऱ्या समाजात पाहुण्याला सुखरूप घरी पाठविणे हा आतिथ्याचा अखेरचा आणि अटळ भाग होय. तो पार पाडण्याची तयारी नसेल, तर कोणी कोणास बोलावूच नये. खेळालाही नाही, देवालाही नाही.