तो जेवला कुठं?

अलीकडे मुंबईत भिंती रंगविण्याची हौस वाढली आहे. २०१७ साली ससून डॉकच्या भिंतींवर तिथल्याच कोळी माणसांचे भलेमोठे चेहरे लागले होते. आपणही कोणीतरी आहोत असे वस्तीला वाटावे, हा हेतू चांगलाच. गतवर्षी पाऊस सरल्यावर आमच्या शाळेची रस्त्याकडची भिंतही रंगली. शाळा गिरणगावातली. चिमणी आली, भोंग्याबरोबर फाटकाकडे लोटलेली माणसे आली, डफावर थाप मारणारा शाहीर आला, गणपतीची मिरवणूक आली. कोपऱ्यात मी सनावळी लिहिली: १८५६, ताडदेवला मुंबईतली पहिली सूतगिरणी सुरू; १८९०, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने रविवारची सुट्टी; १९८२, अडीच लाख कामगारांचा संप.

लोक थांबून पाहू लागले. मी मनातून फुशारलो होतो. एका संध्याकाळी समोरच्या चाळीतल्या आजी भिंतीपाशी उभ्या राहिल्या. मूठ उंचावलेल्या कामगाराकडे बराच वेळ पाहून म्हणाल्या, "मास्तर, समदं झ्याक काढलंय. पर ह्यो गडी जेवला कुठं?"

मी हसलो, पण घरी येईपर्यंत ते हसू टिकले नाही. कोकणातून, साताऱ्याकडून माणसे एकटी येत. एका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि जेवत ती खानावळवालीकडे. पैसे पगार झाल्यावर. तोवर किराणा तिने उधारीवर, सावकाराच्या व्याजाने आणायचा. अशा बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. हे मला ठाऊक होते. आजींनी उभ्या तरुणपणी वीस माणसांची खानावळ चालविली, हेही ठाऊक होते. भिंत आखताना मात्र यातले काहीच आठवले नाही.

का आठवले नाही, याचे उत्तर माझ्या घरातच आहे. माझे वडील संपात होते. संपाच्या गोष्टी ते जन्मभर रंगवून सांगत. पण संप लांबला तेव्हा खानावळीचे पाच महिन्यांचे पैसे न देता ते गावी निघून आले, हे त्यांनी कधीच सांगितले नाही. ते गेल्यावर आईने सांगितले. वडिलांच्या गोष्टींत खोटे काही नव्हते. आमच्या भिंतीवरही नव्हते.

आमचे एक सहकारी म्हणाले, "भिंत मुलांना उमेद देण्यासाठी असते, कबुलीजबाबासाठी नव्हे." त्यांचे म्हणणे मला सहज झटकता येत नाही. ज्यांच्या गिरण्या गेल्या आणि त्या जागी उंच मनोरे उभे राहिले, त्यांच्यापाशी अभिमानाखेरीज उरले तरी काय? तोही हिरावून घेणारा मी कोण? परंतु आपण काय केले एवढेच ज्या अभिमानाला आठवते आणि आपल्यासाठी कोणी काय केले ते आठवत नाही, तो मुलांना उमेद देईल, कृतज्ञता देणार नाही. आणि कृतज्ञतेवाचून वाढलेली उमेद पुढे कोणाच्या ताटावर पाय देईल, ते सांगता येत नाही.

मी आजींकडे गेलो. "तुमचं चित्र काढू का?" म्हणून विचारले. त्या म्हणाल्या, "माजं कशाला? उधारीची वही काढा."

आता शाहिराच्या शेजारी एक चूल आहे आणि तिच्यापाशी उघडी वही. रंगविताना मुलांनी विचारले, "गुरुजी, वहीत नावं कोणाची लिहायची?"

पहिले नाव मी माझ्या वडिलांचे सांगितले. त्यांना ते आवडले असते, असे मी म्हणणार नाही.