आपल्याच गाण्याचे तीस रुपये

शिरूरच्या एसटी स्टँडजवळ एका तरुणाचं मोबाइलचं दुकान होतं. रिचार्ज, चार्जर, स्क्रीनगार्ड ही वरकड कामं. गल्ला भरायचा तो काचेवरच्या पाटीमुळे: ‘गाणी भरून मिळतील. फक्त 30 रुपये.’ दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांची रीघ लागे. नवं गाणं आलं की हा रात्रीतून ते उतरवून घेई, सुरुवातीला आपल्या दुकानाच्या नावाचा पुकारा जोडी आणि फाइल टेलिग्रामच्या ग्रुपवर टाकी. फुकट मिळालं ते फुकट दिलं, यात कुणाचं काय गेलं, असं त्याला मनापासून वाटे.

न्हावऱ्याहून खाली दौंड तालुक्यात उतरलं की चौफुला लागतो. तिथली संगीत बारीची कला केंद्रं सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. तिथल्याच एका गायिकेनं आणि तिच्या ढोलकीवाल्यानं बचत गटाचं कर्ज काढून पुण्यात एक लावणी ध्वनिमुद्रित केली आणि आपल्या यूट्यूब चॅनेलवर टाकली. दोन दिवस बरे गेले. मग बघणाऱ्यांचा आकडा जागचा हलेना. गाणं मात्र केडगावच्या बाजारात, पाटसच्या टोलनाक्यावर, रस्त्यावरच्या दर दुसऱ्या ट्रॅक्टरमध्ये वाजत होतं, आणि प्रत्येक वेळी आधी शिरूरच्या त्या दुकानाचं नाव ऐकू येत होतं. मोठ्या कंपन्यांकडे वकिलांची फौज असते. चौफुल्याच्या बाईकडे तिचा गळा आणि डोक्यावरचा हप्ता, एवढंच असतं. म्हणून ही चोरी तिला जास्त लागते.

ती शिरूरला गेली. दुकानात तिला कुणी ओळखलं नाही.

“काय भरू, ताई?”

“लावण्या भरा, भाऊ.”

“ही घ्या, सध्या हीच लई चालतीय.” त्यानं तिचंच गाणं लावलं.

तिनं तीस रुपये मोजून दिले आणि विचारलं, “यातले गाणारणीला किती जातात?”

“तिला कशाला? नेटवर पडलेलं असतंय हे.”

“पडलेलं नव्हतं. मी ठेवलं होतं, माझ्या चॅनेलवर.”

गाणी भरलेलं मेमरी कार्ड घेऊन ती तडक पोलीस ठाण्यात गेली.

फौजदार पंचांना घेऊन आले. कॉपीराइट कायद्याच्या कलम 64 प्रमाणे अशा प्रती जप्त करायला त्यांना वॉरंट लागत नाही. संगणक, हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह सगळं मुद्देमालात गेलं. “साहेब, सगळेच करतात,” पोरगा म्हणाला. “वरातीत गाणी वाजवायला तर कायद्यानंच सूट दिलीय.”

“वाजवायला दिलीय. प्रती काढून विकायला नाही.”

फाइल कुणी पसरवली हे शोधत बसावं लागलंच नाही. हौसेनं जोडलेला पुकाराच पुराव्यात नोंदला गेला.

वकिलानं पोराच्या वडिलांना सगळं समजावून सांगितलं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 63 म्हणजे सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड. 20 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला, त्यामुळे जामीन हक्कानं मागता येत नाही, न्यायालयाची मर्जी लागते. जुन्या गाण्यांच्या फाइलीही सुटत नाहीत, ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनापासून 60 वर्षं टिकतो. धंद्यातल्या फायद्यासाठी केलं नसेल तर विशेष कारणं नोंदवून न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. पण काचेवर दर लिहिलेला होता.

वडील हात जोडून चौफुल्याला गेले. ती त्यांना बसायला देऊन म्हणाली, “काका, त्यानं ग्रुपवर गाण्याची लिंक टाकली असती, तर मीच त्याला पेढे दिले असते. तेवढीच माणसं माझ्या चॅनेलवर आली असती.” तक्रार तिनं मागे घेतली नाही, आणि माझ्या मते तिचं बरोबर होतं.

शिरूर, दौंड, श्रीगोंद्याच्या दुकानदारांनो, तुमच्या काचेवर अशी पाटी असेल तर आजच काढा. आणि मोबाइल हातात असलेल्या प्रत्येकानं गाणं आवडलं तर गाणाऱ्याच्या चॅनेलची लिंक पुढे पाठवावी, फाइल नाही.